अफलातूनची पायरी

'अफलातून' हा शब्द आपण किती सहज वापरतो! पालमच्या बाजारात एखादी बैलजोडी नजरेत भरली, की पाहणारा म्हणतो, 'अफलातून जोडी आहे!' गावच्या नाटकात कुणी बेफाम काम केले, तर तेही अफलातून. आणि कुणी जगावेगळे बोलू लागला, तर 'काय तो अफलातून!' म्हणून पाठीमागे त्याची थट्टाही होते. बोलणाऱ्याच्या ध्यानीमनीही नसते, की आपण सुमारे चोवीसशे वर्षांपूर्वीच्या एका माणसाचे नाव घेत आहोत. ग्रीकांचा प्लेटो अरबांच्या तोंडी पडला. त्यांच्या भाषेत 'प' नाही, म्हणून तो अफलातून झाला. फारसीच्या पाठीवर बसून तो दख्खनेत आला आणि पाहुणा म्हणून आलेला हा गृहस्थ पुढे घरचाच होऊन बसला.

तो एकटाही आला नाही. आपण 'कायदेकानून' म्हणतो, त्यातला कानून मूळचा ग्रीकच. 'कानोन' म्हणजे सरळ दांडी, मोजपट्टी. निजामी अमलात आमच्या आजापणजांनी ज्या अदालतीचे उंबरठे झिजवले, तो 'अदालत' शब्द मात्र अरबी. परंतु नसीरुद्दीन तूसी या इराणी पंडिताने तेराव्या शतकात नीतिशास्त्रावर जो प्रसिद्ध फारसी ग्रंथ लिहिला, त्यात ग्रीकांचे चार सद्गुण मोजताना चौथ्याला नाव दिले आहे ते अदालत. पहिले तीन म्हणजे शहाणपण, शौर्य आणि संयम. हा ग्रंथ मुघल दरबारात मोठ्या आदराने वाचला जाई. म्हणजे ज्याला आपण कचेरीची इमारत समजतो, तो शब्द या पंडितांच्या लेखी माणसाच्या अंगचा गुण होता. गुण विसरला गेला, इमारत राहिली.

मी तत्त्वज्ञानाच्या वर्गात कधी बसलेलो नाही. शाळेत मुलांना इतिहास शिकवावा, रात्री कंदील सारून कागद पुढे ओढावा आणि कादंबरीतल्या माणसांची सुखदुःखे लिहावी, एवढाच माझा व्यवसाय. परंतु कादंबरी लिहिणाऱ्याला एक प्रश्न सुटत नाही. अमुक माणसाला न्याय मिळाला, असे आपण कशावरून म्हणतो? त्या प्रश्नाच्या मागे जाता जाता मी या अफलातूनच्या दारी पोचलो.

इसवी सनापूर्वी ३९९ साली अथेन्सच्या न्यायसभेने सॉक्रेटिस नावाच्या सत्तर वर्षांच्या माणसाला विष पिऊन मरण्याची शिक्षा दिली. तरुणांना बिघडवतो आणि नगराचे देव मानीत नाही, हा त्याच्यावर आरोप. खरे पाहता त्याचा उद्योग एकच होता. रस्त्यात, बाजारात, व्यायामशाळेत माणसांना गाठावे आणि विचारावे, 'न्याय न्याय म्हणता, तो म्हणजे काय? सद्गुण म्हणजे काय?' उत्तर देणारा दोन-चार प्रश्नांत निरुत्तर होई, आणि निरुत्तर झालेला माणूस सहसा क्षमा करीत नाही. मित्रांनी तुरुंगातून पळून जाण्याची तजवीज केली होती. अन्यायाची फेड अन्यायाने करू नये, म्हणून सॉक्रेटिसाने ती नाकारली. प्लेटो तेव्हा अठ्ठावीस-एकोणतीस वर्षांचा होता. ज्या नगरात सर्वांत न्यायी माणसाला न्यायसभाच मारते, त्या नगराचे कुठे चुकले, हा काटा त्याच्या मनात जन्मभर राहिला असावा.

त्याच्या 'रिपब्लिक' या ग्रंथाच्या आरंभी थ्रॅसिमॅकस नावाचा एक तापट पंडित उसळून म्हणतो, की न्याय म्हणजे बलिष्ठाचे हित, दुसरे काही नाही. आपल्याकडे हे तत्त्वज्ञान चार शब्दांत सांगून झाले आहे: बळी तो कान पिळी. उरलेला सगळा ग्रंथ या एका वाक्याला उत्तर म्हणून लिहिला आहे, असे म्हटले तरी चालेल. प्लेटोचे उत्तर असे. माणसाच्या आत्म्याचे तीन भाग असतात. एक विवेक, दुसरा तेज, तिसरा वासना. विवेकाने राज्य करावे, तेजाने त्याला साथ द्यावी, वासनेने आज्ञेत राहावे. ज्याच्या ठायी ही व्यवस्था असेल तो माणूस न्यायी. नगराचेही तसेच. ज्ञानी लोकांनी राज्य करावे, शूरांनी रक्षण करावे, शेतकरी-कारागिरांनी आपापले काम करावे. प्रत्येकाने आपले काम करणे आणि दुसऱ्याच्या कामात हात न घालणे, याचेच नाव न्याय. लोकांना हे पटावे म्हणून एक कथाही सांगावी, असे तो सुचवतो. देवाने माणसे घडवताना कुणात सोने मिसळले, कुणात रुपे, तर कुणात लोखंड आणि पितळ.

हे सारे वाचताना प्रथम मन भारावून जाते. मग हळूहळू वाटू लागते, की हे कुठेतरी ऐकले आहे. कुठे बरे? आपल्याच गावात, पारावर. 'माणसाने आपल्या पायरीने राहावे.' थोरामोठ्यांनी ज्याला शहाणपण म्हणून सांगितले, ते हेच. पायरी ओळखणारा तो गुणी, पायरी सोडणारा तो मातलेला. अथेन्सच्या तत्त्वज्ञाने ज्याला न्याय म्हटले, त्याला गोदाकाठच्या माणसाने पायरी म्हटले.

एकदा दहावीच्या मुलांना मी ही सोन्या-लोखंडाची कथा सांगितली. मागच्या बाकावरचा, कधी न बोलणारा एक मुलगा उठला आणि म्हणाला, 'सर, पर कोण सोन्याचा अन् कोण लोखंडाचा, हे ठरवायचं कुणी?' वर्ग हसला. मी हसलो नाही. कारण त्या पोराने ग्रंथाच्या नेमक्या वर्मावर बोट ठेवले होते.

प्लेटोवर अन्याय होऊ नये म्हणून दोन गोष्टी सांगितल्या पाहिजेत. सोन्याच्या आईबापांच्या पोटी लोखंडाचे मूल येऊ शकते आणि लोखंडाच्या घरी सोने जन्मू शकते, तसे झाले तर मुलाला त्याच्या योग्य जागी न्यावे, हे त्याने स्पष्ट लिहिले आहे. स्त्रियांनाही राज्यकर्त्यांच्या वर्गात त्याने स्थान दिले, आणि हे त्या काळच्या अथेन्समध्ये धाडसाचेच होते. परंतु धातू एकदा मानला, म्हणजे तो परीक्षेने नव्हे, तर घराण्याने ओळखण्याकडेच जगाचा कल होतो. त्याचा शिष्य ॲरिस्टॉटल याने तर काही माणसे स्वभावतःच गुलाम असतात, असे लिहून ठेवले. तूसीच्या ग्रंथातही समाजाचे चार वर्ग आहेत: लेखणीचे, तलवारीचे, व्यापाराचे आणि शेतीचे. पंचमहाभूतांतल्या चौघांप्रमाणे त्यांनी आपापल्या जागी राहावे, म्हणजे तोल राहतो. आपल्या चातुर्वर्ण्याविषयी मी वेगळे काय सांगावे! ग्रीस, इराण आणि भारत, तिन्हीकडच्या थोर बुद्धिमंतांनी न्यायाचे चित्र काढले, आणि तिन्ही चित्रांत जिना मात्र एकच आला.

इथेच हा लेख संपला असता. परंतु ग्रीक आपल्याकडे केवळ फारसी ग्रंथांतून आले नाहीत. त्याच्या कितीतरी आधी ते स्वतःच्या पायांनी आले होते, आणि त्या वेळी ते शिकवायला आले नव्हते.

आपण त्यांना यवन म्हणत असू. अशोकाच्या काळात धर्मप्रसारासाठी जे भिक्षू निरनिराळ्या देशांत गेले, त्यांची यादी 'महावंस' या सिंहली ग्रंथात आहे. त्यात अपरान्तात, म्हणजे आपल्या कोकणाच्या बाजूस पाठवलेला भिक्षू आहे 'योन धम्मरक्खित'. एक यवन! त्याच अपरान्तातल्या सोपाऱ्यास १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींना अशोकाच्या आठव्या लेखाचा तुकडा मिळाला, १९५६ साली नवव्या लेखाचाही मिळाला. पुढे सातवाहनांच्या काळात कार्ल्याच्या चैत्यगृहात स्तंभ कोरले गेले. त्यांपैकी कित्येक धेनुकाकट गावच्या यवनांनी दिलेले आहेत. सिहधय नावाच्या यवनाचे नाव आजही तेथे वाचता येते. जुन्नरच्या लेण्यांत इरिल नावाच्या यवनाने पाण्याची दोन टाकी खोदून दिली. नाशिकच्या सतराव्या लेण्यात धम्मदेवाचा पुत्र इंद्राग्निदत्त, उत्तरेकडचा दत्तामित्रीचा यवन, आईबापांच्या पुण्यासाठी हे लेणे दिल्याचे सांगतो. यांतले रक्ताने ग्रीक किती, याबद्दल पंडितांत वाद आहेत. परंतु त्यांनी स्वतःला यवन म्हणवले आणि आपल्या दानाला देयधर्म म्हटले, हे दगडावर कोरलेले आहे.

आमचा मराठवाडाही या वाटेपासून दूर नव्हता. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक नाविकाच्या वृत्तांतात पैठण आणि तगर, म्हणजे आजचे तेर, या दोन्ही पेठांची नावे आहेत. भडोचहून दक्षिणेस वीस दिवसांवर पैठण, तेथून पूर्वेस दहा दिवसांवर तगर, असा हिशेबही त्याने दिला आहे. त्याच पैठणावरून आलेली गोदावरी जांभूळबेटाला पोटाशी धरून आमच्या पालम तालुक्यातून पुढे नांदेडकडे जाते.

आता त्या काळाचा एक बारीकसा, पण फार बोलका पुरावा सांगतो. वायव्येकडच्या ग्रीक राजांनी जी नाणी पाडली, त्यांच्या एका बाजूस ग्रीक लेख आणि दुसऱ्या बाजूस खरोष्ठी लिपीत प्राकृत लेख असे. मिनँडर नावाच्या राजाच्या काही नाण्यांवर ग्रीक बाजूस 'दिकाइओस', म्हणजे 'न्यायी', ही पदवी आहे. नाणे उलटले की तिच्या जागी दिसते 'ध्रमिक', म्हणजे धार्मिक. (हा मिनँडर पहिला की त्याच नावाचा दुसरा, याविषयी मतभेद आहेत.) प्लेटोने ज्या शब्दासाठी अख्खा ग्रंथ लिहिला, त्या शब्दाला टांकसाळीतल्या कुणा अनामिक दुभाष्याने आपल्याकडचा प्रतिशब्द दिला: धर्म. उलट कंदाहारला १९५८ साली अशोकाचा ग्रीक आणि अरमाईक भाषांतला लेख सापडला. त्यात धम्माला ग्रीक शब्द योजला आहे तो 'युसेबिया', म्हणजे पूज्यभाव, पापभीरुता. म्हणजे न्यायाचे भाषांतर धर्म, पण धर्माचे भाषांतर न्याय नव्हे! दोन भाषांतरांमध्ये राहिलेल्या या फटीत आपला सारा सामाजिक इतिहास बसला आहे, असे मला वाटते. धर्म म्हणजे न्याय, की धर्म म्हणजे आपल्या पायरीविषयीचा पूज्यभाव?

या प्रश्नाचा सगळ्यांत धीट विचार ज्या ग्रंथात आला, तो 'मिलिंदपञ्ह' पाली भाषेत आहे. त्यातला मिलिंद राजा म्हणजे इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकातला ग्रीक राजा मिनँडर. सागल, म्हणजे सियालकोट, ही त्याची राजधानी. वादात भल्याभल्यांना गप्प करणारा, आणि म्हणून एकाकी झालेला हा राजा नागसेन भिक्षूकडे येतो. 'आपण माझ्याशी चर्चा कराल का?' असे त्याने विचारताच नागसेन अट घालतो. पंडितासारखे बोलणार असाल तर बोलेन, राजासारखे बोलणार असाल तर नाही. फरक काय? पंडितांच्या वादात एकजण दुसऱ्याला खोडून काढतो, चूक दाखवतो, दाखवलेली चूक दुसरा मान्य करतो आणि तरीही कुणी रागावत नाही. राजे मात्र एक गोष्ट मांडतात, आणि न मानणाऱ्याला दंड करतात. मिलिंद म्हणतो, की मी पंडितासारखे बोलेन. विहारातल्या गड्याशी बोलाल तसे माझ्याशी निर्धास्त बोला.

वाचकहो, सॉक्रेटिसाला अथेन्सने जे दिले नाही, ते एका ग्रीक राजाने नागसेनाला दिले. थ्रॅसिमॅकसला खरे उत्तर मिळाले असेल, तर माझ्या मते ते या अटीत. बलिष्ठाने आपले बळ दाराबाहेर ठेवून प्रश्नाला उत्तर द्यायला बसणे, हाच न्यायाचा आरंभ.

मग येते ती रथाची चर्चा. रथ आपल्याला नवा नाही. कठोपनिषदात शरीर हा रथ, आत्मा रथात बसलेला स्वामी, बुद्धी सारथी, मन लगाम आणि इंद्रिये घोडे. प्लेटोच्या 'फीड्रस' या संवादातही रथच आहे. विवेक सारथी, एक घोडा गुणी, दुसरा काळा आणि अडेल. दोघांनी एकमेकांचे नाव ऐकले नसेल, पण उपमा तीच सुचली. नागसेनही रथच घेतो, पण तो वेगळे करतो. तो राजाला विचारतो, 'पायी आलात की रथातून?' 'रथातून.' 'मग रथ दाखवा. आस म्हणजे रथ का? चाके म्हणजे रथ? जू, दांडी, लगाम?' नाही, नाही, नाही. मग रथ कुठे आहे? हे सारे एकत्र आले म्हणजे त्याला रथ हे नाव देतात, एवढेच. माणसाचेही तसेच. आत दडून बसलेला, न बदलणारा असा कुणी स्वामी नाही.

राजा कच्चा नव्हता. त्याने विचारले, की असा कुणी नसेल, तर केलेल्या कर्माचे फळ भोगणार कोण? सुटलाच की पापातून! या प्रश्नात न्यायाचे सगळे मर्म आहे. प्लेटोने त्याचे उत्तर आत्म्याच्या अमरत्वाने दिले होते. 'रिपब्लिक'च्या शेवटी एर नावाच्या योद्ध्याची कथा आहे. मेलेल्यांचे आत्मे न्यायासाठी उभे राहतात, फळ भोगतात आणि पुढचा जन्म निवडतात. आत्मा मरत नाही, म्हणून न्याय चुकत नाही. नागसेनाचे उत्तर शेतकऱ्यालाही पटेल असे आहे. एकाने दुसऱ्याचे आंबे चोरले. पकडल्यावर तो म्हणाला, याने जमिनीत पुरली ती कोय वेगळी, मी तोडला तो आंबा वेगळा, मी याचे काही चोरले नाही. त्याला सोडाल का? मुळीच नाही. त्या कोयीतूनच हा आंबा आला. रात्री लावलेला दिवाही तसाच. पहिल्या प्रहरातली ज्योत आणि शेवटच्या प्रहरातली ज्योत एकच का? एकही नाही आणि निराळीही नाही. एकीतून दुसरी पेटत गेली. त्याचप्रमाणे माणूस आपल्या कृत्यांतून पुढचा माणूस घडवीत जातो, आणि म्हणून त्याला जाब विचारता येतो.

दिवाळीच्या पणतीकडे पाहताना हा दृष्टांत मला नेहमी आठवतो. त्याचा पुढचा अर्थ नागसेनाने कदाचित बोलून दाखवला नसेल, पण तो आपल्याला टाळता येत नाही. आत न बदलणारे काही नसेल, तर आत सोनेही नाही आणि लोखंडही नाही. जन्माबरोबर आलेला धातू नाही, तर जन्माबरोबर आलेली पायरीही नाही. आहे ती फक्त कृती, आणि कृती कुणालाही बदलता येते.

आत्मा मानणाऱ्यांनीही समतेकडे जाणारी वाट शोधली, हे विसरून चालणार नाही. सर्वांभूती एकच आत्मा, मग उच्चनीच कुठला, असे आमच्या संतांनी विचारले. पालमच्या शेजारचे गंगाखेड हे जनाबाईचे गाव. दासी म्हणवणाऱ्या त्या बाईने देवालाच आपल्या जात्यापाशी बसवले. परंतु चोखोबांची समाधी पंढरपुरात महाद्वाराबाहेरच राहिली, आणि ते मंदिर सर्वांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींना १९४७ साली प्राण पणाला लावून उपोषण करावे लागले. कीर्तनात एक झालेले आत्मे देवळाच्या पायरीशी येताच पुन्हा निरनिराळे होत.

हे सारे धागे ज्या एका माणसाच्या हाती एकत्र आले, ते म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर. लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी १९३६ साली त्यांनी जे भाषण लिहिले, ते करण्याची वेळच आली नाही. पुढे ते पुस्तकरूपाने निघाले. त्यात चातुर्वर्ण्याचा समाचार घेताना त्यांनी थेट प्लेटोला समोर बसवले आहे. माणसांना तीन-चार कप्प्यांत घालणे म्हणजे माणूस वरवर पाहणे. प्रत्येक व्यक्ती दुसरीहून इतकी वेगळी आहे की ती स्वतःच एक वर्ग आहे, आणि प्लेटोला हे उमगले नाही, असा त्यांचा आक्षेप आहे. माझ्या वर्गातल्या मागच्या बाकावरच्या पोराने जे विचारले, तेच त्यांनी पंडिताच्या भाषेत विचारले होते.

हैदराबाद संस्थान १७ सप्टेंबर १९४८ रोजी मुक्त झाले. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९५० साली, बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, महाविद्यालय काढले. उच्च शिक्षणाची सोय अगदीच तोकडी असलेल्या या मुलखात खेड्यापाड्यांतल्या, ज्यांच्या घराण्यात कुणी पाटी धरली नव्हती, अशा मुलांसाठी ते दार उघडले. त्या महाविद्यालयाचे नाव मिलिंद, आणि आवाराचे नाव नागसेनवन. नावे पुष्कळ देता आली असती. परंतु शाळेला नाव दिले ते प्रश्न विचारणाऱ्याचे, हरल्यावर ते कबूल करणाऱ्याचे. प्लेटोच्या पायरीला हे ग्रीकांच्याच एका राजाच्या नावाने दिलेले उत्तर आहे. इतिहासात इतके नेमके उत्तर क्वचितच मिळते.

मिनँडर मरण पावला तेव्हा त्याच्या रक्षेसाठी नगरांमध्ये तंटा झाला, आणि शेवटी ती सर्वांनी सारखी वाटून घेतली, असे प्लुटार्क लिहितो. तो न्यायाने राज्य करीत असे, हेही त्याने नमूद केले आहे. राज्ये गेली, सागल गेले, नाणी संग्रहालयांत गेली. आपल्या वाट्याला त्या यवनांच्या विचाराचे दोन अंश आले. एक, प्रत्येकाची जागा आधीच नेमून ठेवणारा. दुसरा, नेमलेल्या जागेवरून उठून प्रश्न विचारू देणारा. पहिला आपल्याला सोपा गेला, कारण तो आपल्या ओळखीचा होता. दुसऱ्यासाठी राजाला गादीवरून खाली उतरावे लागते, आणि राजा काही सागलालाच असतो असे नाही. तो घरात असतो, चावडीत असतो, टेबलामागच्या खुर्चीवर असतो, आणि हातात खडू घेऊन वर्गातही उभा असतो. त्याला कुणी विचारले, की हे कुणी ठरवले, तर तो पंडितासारखा बोलतो की राजासारखा, एवढ्यावरून त्या घरातला, त्या गावातला न्याय ओळखावा.